ब्रह्म, पण पहिल्या रांगेतलं

रत्नागिरीत ब्रह्मज्ञानाची सोय पहिल्यापासून उत्तम आहे. भाट्याचा पूल ओलांडून वीसेक किलोमीटर गेलं की पावस. तिथे स्वामी स्वरूपानंदांनी सोहं साधनेत आयुष्य काढलं. निसर्गदत्त महाराजांचं कांदळगाव आज सिंधुदुर्गात मोडतं, पण 1981 साली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं, त्यामुळे त्यांच्यावरचा हक्क आम्ही अजून सोडलेला नाही. शिवाय शहरात 1886 सालापासून मनोरुग्णालय आहे. 'मी कोण?' हा प्रश्न एखाद्याला पडलाच, तर उत्तरासाठी तालुक्याबाहेर जायला नको. कुठल्या दाराशी रांग लावायची, एवढंच ठरवायचं.

मला हा प्रश्न निवृत्तीनंतर पडला. त्याआधी पडायचं कारणच नव्हतं. दारावर पाटी होती.

मी लेखापरीक्षक होतो. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो आणि वर प्रवासभत्ताही मिळतो, अशी नोकरी लाभलेल्या माणसाला वेगळा छंद लावून घ्यावा लागत नाही. नोकरी सुटते, चुका काढायची सवय मात्र घरी येते. थिबा राजाचंच बघा. ब्रह्मदेशातलं राज्य 1885 साली गेलं, दुसऱ्या वर्षी इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि तो राजवाड्यात राहायला गेला 1910 साली. राज्य आधी जातं, राजवाडा मागून येतो, हा क्रम निवृत्त अधिकाऱ्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. माझंही साहेबपण खुर्ची गेल्यावरच घरी कायमचं मुक्कामाला आलं. मी फडताळातल्या डब्यांची तपासणी केली, तूरडाळीच्या साठ्यात तफावत काढली आणि सौ.कडे लेखी खुलासा मागितला.

सौ.ने खुलासा दिला नाही. माईंच्या वर्गाचा पत्ता दिला.

माई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पाढे शिकवून निवृत्त झालेल्या बाई. संध्याकाळी त्यांच्या पडवीत पाच-दहा माणसं जमतात आणि ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव' वाचतात. माई एक ओवी वाचतात आणि मग बराच वेळ काहीच बोलत नाहीत. त्या गप्प बसल्या की माझी चुळबुळ सुरू होई. बैठकीत कुणीच बोलत नसेल तर आपण बोलायचं, हा माझा नोकरीभरचा शिरस्ता. शेवटी मी खाकरून म्हणायचो, "माईंना असं म्हणायचंय की..." माई माझ्याकडे पाहायच्या. 'बरं, असं म्हणायचंय का मला?' असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. मी तो संमतीदर्शक धरला.

अद्वैत मला पहिल्याच आठवड्यात पटलं. इतकं चटकन पटलं, की माझा मलाच अभिमान वाटला. जे काही आहे ते एकच आहे, दुसरं काही नाहीच, आणि ते एक म्हणजे तू. माझ्या गोपनीय अहवालात उभ्या नोकरीत कुणी 'चांगला'च्या पुढे गेलं नव्हतं; 'सहकाऱ्यांशी जुळवून घेणे आवश्यक' असा शेरा मात्र दरवर्षी न चुकता. आणि इथे एकदम परब्रह्म! तेही शास्त्राच्या सहीशिक्क्यानिशी. इतक्या उशिरा का होईना, कुणीतरी माझं योग्य मूल्यमापन केलं होतं.

आता अडचण एवढीच होती, की हे पडवीतल्या बाकीच्यांनाही लागू होतं. तेही ब्रह्मच. मग माझ्यात विशेष ते काय? तेव्हा मी ठरवलं, ब्रह्म सगळेच असतील, पण ते ज्याला कळलंय तो वेगळा. नि तो पहिल्या रांगेत बसलेला बरा.

पहिल्या रांगेत मी काही दिवस बसलो. मग कुठेतरी वाचलं, की खरा साधक मागे बसतो. म्हणून मी मागे गेलो, चपला काढतात तिथे, चटई न घेता. याचा परिणाम फार चांगला झाला. नवीन आलेला माणूस हमखास विचारी, "ते मागे नुसत्या जमिनीवर बसलेत, ते कोण?" पुढे बसून हा प्रश्न कधी आला नव्हता. पण खोताला खोत भेटतोच. एक निवृत्त नायब तहसीलदार हे बघत होते. एके संध्याकाळी ते माझ्याही मागे, पडवीच्या पायरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी अंगणात गेलो. ते बेड्याशी. मृगाचा पाऊस वेळेवर आला म्हणून बरं, नाहीतर नम्रतेच्या भरात आम्ही दोघेही डांबरी रस्त्यावर पोचलो असतो.

साधना मी कार्यालयीन पद्धतीने करायचं ठरवलं. एक नोंदवही घातली. रकाने: दिनांक, प्रसंग, अहंकाराची तीव्रता (दहापैकी), शेरा. सुरुवातीला तीव्रता आठ-नऊ असायची. पुढे मी ती दोनवर आणली. वहीत आणणं सोपं जातं. उतरत्या आलेखाचा एक तक्ता रंगीत पेन्सिलींनी तयार केला आणि वर्गात सगळ्यांना फिरवला. तहसीलदारांनी तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "वा, चढतोय की." त्या दिवशीची नोंद मी दुसऱ्या दिवशी केली. तीव्रता: लागू नाही. शेरा: समोरच्याचा दोष.

बोलण्यातला 'मी'ही काढून टाकला. "या देहाला साखर चालत नाही." "या देहाला पुढच्या सोमवारी रक्त तपासायला जायचंय." सौ. म्हणाली, "मग त्या देहाला सांगा, येताना कोथिंबीर आण." साक्षीभावाचा प्रयोगही घरीच झाला. परसात नारळाच्या झाडावर वानरांची टोळी आली होती. शहाळी तोडून खाली टाकत होती, एकदोन चावून फेकत होती. मी ओटीवर आरामखुर्चीत. झाडही मीच, वानरही मीच, शहाळंही मीच; कोण कुणाला हाकलणार? सौ. आतून काठी घेऊन धावली. वानरं गेल्यावर धापा टाकत म्हणाली, "अहो, बसून बघत काय होतात?"

"साक्षी होतो."

"साक्षीदार कोर्टात निदान खरं-खोटं काहीतरी बोलतो हो!"

निसर्गदत्त महाराजांचा मी विशेष अभ्यास केला. मुंबईत बिडीचं दुकान चालवणारा हा गृहस्थ. 1933 साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले, आणि पुढे खेतवाडीतल्या छोट्याशा माळ्यावर हा माणूस देशोदेशीच्या लोकांशी मराठीत बोलला. 1973 साली मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि गर्दी आणखी वाढली. महाराज तापट होते. आढ्यतेने वाद घालणाऱ्याला फटकारत, प्रसंगी चालता हो म्हणत. मला या माहितीने मोठा धीर आला. म्हणजे ज्ञान आणि चिडचिड एकत्र नांदू शकतात! महाराजांचे सगळे गुण अंगी बाणवायला वेळ लागणार होता. म्हणून जो माझ्याकडे तयार होता, त्यापासून सुरुवात केली. वीजबिल भरायच्या रांगेत मी एकाला अद्वैताच्या भूमिकेवरून खडसावलं. बिडीचाही विचार मनात आला होता. सौ.ने तो मुळातच खुडला.

इथपर्यंत त्रास घरच्यांना आणि वानरांना होता. पुढचा प्रकार निराळा.

वर्गात एक तरुण मुलगा येऊ लागला. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचा. हुशार, पण अंग चोरून बसणारा. एकदा वर्ग सुटल्यावर मला म्हणाला, "काका, मी नाही, मी नाही, असं म्हणत बसलो ना, की मला खरंच मी नाही असं वाटायला लागतं. आरशात बघितलं तरी तो दुसराच कुणीतरी वाटतो. भीती वाटते. झोप येत नाही."

माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी मार्गदर्शन मागत होतं. मी पडवीच्या खांबाला टेकलो, डोळे अर्धे मिटले आणि म्हणालो, "उत्तम लक्षण आहे. देहबुद्धी सुटतेय. भीती वाटते ती अहंकाराला. सोडू नकोस, वाढव."

तो मान हलवून गेला. मी घरी जाऊन नोंदवहीत नवीन रकाना आखला: 'मार्गदर्शन'.

मुलाची आई सौ.च्या भिशीतली. काही दिवसांनी ती रडतच घरी आली. पोरगा जेवत नाही, कामाचे फोन उचलत नाही, 'मी आहे की नाही तेच कळत नाही' म्हणतो. माईंच्या कानावर गेल्यावर त्या तडक त्यांच्या घरी गेल्या, मुलाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आता वर्ग बंद. ओव्या बंद. आधी डॉक्टर." मानसोपचारतज्ज्ञांकडे मुलाबरोबर त्याची आई, सौ. आणि मी असे गेलो. मी गेलो ते डॉक्टरांना या प्रकरणाची आध्यात्मिक पार्श्वभूमी समजावून सांगायला.

डॉक्टर तरुण होते, हे मला खटकलं. मुलाशी आणि आईशी बराच वेळ बोलून झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. सौ. आपणहून मागोमाग आली. "त्याच्या तब्येतीबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही त्याला काय सांगितलंत, तेवढं सांगा." मी सांगितलं. नेति नेति, साक्षी, देहबुद्धी, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेही मला खटकलं. ऐकून घेणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

मग ते म्हणाले, "काका, काही जणांना आपण आपल्यापासून तुटलोय, काचेआडून स्वतःला बघतोय असं वाटतं. ताणात, जागरणात, काही आजारांत असं होतं. काही व्यक्तिमत्त्व विकारांत माणसाला आतून कायम पोकळ वाटतं. आज मी असा, उद्या तसा, मी नक्की कोण याचा ठावच लागत नाही. तुमचा ग्रंथ म्हणतो ती मोकळीक वेगळी, ही पोकळी वेगळी. मोकळीक आलेला माणूस शांत असतो, जेवतो, झोपतो, कामाला लागतो. पोकळी असलेला घाबरतो. ज्याच्या हाताला 'मी' अजून धड लागलेलाच नाही, त्याला तो सोडून दे म्हणून सांगू नये."

पुढे त्यांनी सांगितलं, की हे काही एकट्या रत्नागिरीचं दुखणं नाही. अमेरिकेत ध्यानाची लाट आली तेव्हा तिथल्या साधकांतही हेच दिसलं. जॅक एंगलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लिहिलं, की 'कुणीच नाही' होण्याआधी माणसाला 'कुणीतरी' व्हावं लागतं. आणि जॉन वेलवुड यांनी 1984 साली या पळवाटेला नावच दिलं. मनातली जुनी दुखणी, राग, अपमान, एकटेपणा यांना हात न लावता अध्यात्माच्या रस्त्याने त्यांना वळसा घालून पुढे जायचं. त्याला ते आध्यात्मिक बायपास म्हणाले. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची वर्षानुवर्षं वाट पाहिलेले आम्ही. बायपास म्हटलं की हरखतो. मी म्हणालो, "मग वाईट काय त्यात? गाव टळतं."

"तुमचं घर त्या गावातच आहे ना?" डॉक्टर म्हणाले.

यावर मला एकदम स्वतःची काळजी वाटली. काळजी म्हणण्यापेक्षा उत्सुकता. मी खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, मला कोणता आहे?"

"काय कोणता?"

"विकार."

ते हसले. म्हणाले, निदान असं पाच मिनिटांत होत नसतं. स्वभाव विचित्र असला म्हणजे विकार असतो असंही नाही. विकार म्हणायला तो घरी, बाहेर, कामावर असा सगळीकडे दिसायला लागतो. तरुणपणापासून वर्षानुवर्षं चालत आलेला असावा लागतो. आणि त्यापायी स्वतःला नाहीतर दुसऱ्याला बराच त्रास व्हावा लागतो.

मी विचारपूर्वक उत्तर देणार, तोच सौ. म्हणाली, "सगळीकडे. लग्नाच्या आधीपासून, त्यांच्या आईच सांगायच्या. आणि त्रासाचं म्हणाल तर यांना काही होत नाही हो. बाकी सगळ्यांना होतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेचं जे नवं वर्गीकरण 2022 सालापासून लागू झालं, त्यात जुने बहुतेक प्रकार काढून टाकलेत, असं त्यांनी समजावलं. आता मुख्यतः तीव्रता बघतात: सौम्य, मध्यम, तीव्र. आणि या तिन्हींच्या खाली आणखी एक पायरी आहे, ती विकारात धरतच नाहीत. तिला 'व्यक्तिमत्त्वाची अडचण' असं म्हणता येईल. "यांच्या बोलण्यावरून," डॉक्टर सौ.कडे बघून म्हणाले, "फार तर तेवढंच वाटतं."

"नुसती अडचण?" मी म्हणालो. "सौम्यसुद्धा नाही?"

रिक्षात मी कुणाशी बोललो नाही. उभ्या नोकरीत 'चांगला'च्या पुढे गेलो नाही आणि वेडातही पहिल्या तीन क्रमांकांत नाही!

घरी येऊन मोबाइलवर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकाची 2013 सालची यादी काढली. तिथे अजून जुने दहा प्रकार तीन गटांत शाबूत आहेत, आणि मला निवडीला जास्त वाव हवा होता. वाचता वाचता वर्गातली सगळी मंडळी एकेक करून डोळ्यांसमोर आली. माणसांचा मुळातच कंटाळा असलेले एक गृहस्थ आमच्यात 'एकांतप्रिय, विरक्त' म्हणून ओळखले जातात. एक काकू शेपूची भाजी करू की मेथीची हेही माईंना फोन करून विचारतात, ती 'शरणागती'. एका बाईंना अभंगाच्या दुसऱ्या चरणाला भरून येतं आणि डोळे पुसताना त्या कोण बघतंय ते बघतात; तो 'भक्तिभाव'. तहसीलदारांना माई 'अज्ञानी' म्हणाल्या की आपल्यालाच म्हणाल्या असं वाटतं. ती त्यांची 'सावधता'. आणि नोंदवही ठेवून, रेघा मारून, दुसऱ्याची ओवी चुकली की क्रमांकासह दुरुस्त करणारा मी, तो 'शिस्तीचा साधक'. खात्यात ज्याच्यावर चौकशी लागली असती, त्याला परमार्थात बढती मिळते. हुद्दा बदलतो, काम तेच. आणि बढती मिळालेल्या माणसाला तुम्ही चुकलात असं सांगणार कोण? त्याच्या वर तर साक्षात परमेश्वर.

माझ्या जातीच्या माणसाला अद्वैत हे परमार्थातलं सगळ्यात सोयीचं दुकान. भक्तिमार्गात निदान समोर देव असतो. त्याच्यापुढे वाकावं लागतं, गुडघे दुखले तरी. कर्ममार्गात पदरचे पैसे जातात. अद्वैतात दुसरा कुणी नाहीच. मग माफी कुणाची मागायची, आभार कुणाचे मानायचे? स्वतःवर आधीच लट्टू असलेल्या माणसाच्या हातात 'तूच ते आहेस' असा कागद दिला, तर तो खालची अटी-शर्तींची बारीक अक्षरं कशाला वाचतो?

ती बारीक अक्षरं मला माईंनी वाचून दाखवली. वैशाख होता. माई पडवीत बरका-कापा ओळखत फणस फोडायला बसल्या होत्या. विळीला खोबरेल लावलेलं, हाताला खोबरेल, शेजारी चिंध्या. मी मदतीला बसलो आणि तेल नको म्हणालो. देहाला काय, लागला चीक तर लागला. मग बोलता बोलता डॉक्टरांचं सगळं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूने.

माई म्हणाल्या, "डॉक्टर वेगळं काही सांगत नाहीत हो. वेदान्ताच्या दाराशी आधी चार गोष्टी विचारतात. विवेक, वैराग्य, शम-दम-तितिक्षा वगैरे सहांचा गट, आणि सुटायची खरी तळमळ. अपमान गिळता येतो का, मन आवरता येतं का, हे आधी. 'तूच ते आहेस' हे नंतर. मनाला तीन दोष सांगितलेत: मल, विक्षेप, आवरण. मल निष्काम कामाने जातो, विक्षेप उपासनेने, आणि आवरण ज्ञानाने. तुम्ही आल्या आल्या आवरणालाच हात घातलात."

"पण ज्ञान झाल्यावर पहिले दोन आपोआप..."

"हात दाखवा."

मी हात वर केले. दहाही बोटं एकमेकांना चिकटली होती. एका आठळीने उजव्या तळव्यावर मुक्काम केला होता आणि डाव्या हाताची करंगळी धोतराला.

"आधी चीक," माई म्हणाल्या आणि तेलाची वाटी पुढे सरकवली. गरे त्यांनी एकटीनेच काढले.

मग त्यांनी नामदेवांची गोष्ट काढली. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने गोरोबाकाकांना सांगितलं, बघा यातली कुठली मडकी भाजली आहेत. काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. सगळे गप्प बसले, नामदेव चिडले. काका म्हणाले, हे एक कच्चं. साक्षात विठ्ठलाशी बोलणारा हा भक्त. तो रुसून देवाकडे तक्रार घेऊन गेला आणि देवानेच त्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. गोष्ट ऐकून मी अंतर्मुख झालो. माझ्या डोक्यावर थापटणं पडलं असतं तर मी चिडलो नसतो. हे थापटणं प्रमाणित आहे का, आणि त्याची याआधीची तपासणी कधी झाली, एवढंच विचारलं असतं.

चांगदेवांबद्दल तर मला पहिल्यापासून सहानुभूती आहे. चौदाशे वर्षं योग करून बसलेला माणूस. ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यावरच अडला. वयाने एवढासा पोर, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर आपली चौदाशे वर्षं वाया. शेवटी कोराच कागद पाठवला, आणि मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं तप करून हा कोराच राहिला. माझ्या जागी आलेल्या कोवळ्या पोराला पत्र लिहिताना माझाही 'महोदय' आणि 'चि.'मध्ये असाच पेच झाला होता. पुढे चांगदेव वाघावर बसून भेटायला निघाले, तर ही भावंडं भिंत चालवत सामोरी आली, अशी कथा आहे.

भिंतीवरून आठवलं. आमचाही गडगा चालला.

पावसाळा संपता संपता शेजाऱ्यांच्या आणि आमच्या मधला गडगा ढासळला. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, चिखल-माती काही नाही. वरून तेरडा आणि शेवाळ माजलेलं. शेजाऱ्यांनी एका सकाळी गडी लावून तो परत रचला. मी ओटीवरून साक्षीभावाने पाहत होतो. बघता बघता वाटलं, हा आपल्या बाजूला वीतभर आलाय. दुपारी वाटलं, हातभर. संध्याकाळी टेप घेऊन खाली उतरलो. सगळं विश्व मी असलो, तरी त्यातला हातभर शेजाऱ्याने घ्यावा हे मला मान्य नव्हतं. भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज दिला, फी भरली आणि शेजाऱ्यांशी बोलणं थांबवलं.

मोजणीच्या तारखेपर्यंत रात्री झोप येईना. मग एके रात्री मला फार सुंदर विचार सुचला. मोजणी होईल. हातभर अतिक्रमण सिद्ध होईल. पाच माणसं जमलेली असतील. शेजारी मान खाली घालतील. आणि तेव्हा मी, नकाशा घडी घालून, शांतपणे म्हणेन, "असू दे हो तुमच्याकडेच. जमीन तुमची काय, माझी काय." रत्नागिरीत हे वाक्य गडग्यापाशी आजवर कुणी उच्चारलेलं नसावं. मी ते आरशासमोर म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणताना डोळ्यांत पाणी आलं.

भूकरमापक आले, यंत्र लावलं, खुणा शोधल्या, कागदावर आकडे मांडले. पाच माणसं जमली होती. तहसीलदारही आले होते, मी मुद्दाम बोलावलं होतं. भूकरमापकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "गडगा जिथे हवा तिथेच आहे. एका बोटाचा फरक नाही."

शेजारी म्हणाले, "मी सांगितलंच होतं की. जुन्या पायावरच रचलाय. या, चहा घ्या सगळे."

मला आयुष्यात इतका अन्याय झाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. क्षमा करायला आधी अपराध लागतो, आणि या माणसाने तो केलाच नव्हता. तयार केलेलं वाक्य घशात तसंच. चहा घेताना तहसीलदार माझ्या कानाशी म्हणाले, "आजची तीव्रता किती लिहिणार?"

माईंना हे सगळं कुणी सांगितलं ते मी शोधून काढणार होतो, पण त्यांनीच मला बोलावलं. तो मुलगाही आईबरोबर तिथे होता. आता बरा दिसत होता. रात्री झोपतो, कामावर रुजू झालाय, डॉक्टरांकडे जातो, आणि माईंच्या परसातल्या अळूला पाणी घालतो. ओव्या नाहीत. "काका," तो म्हणाला, "मी आहे असं वाटतंय आता." मी त्याला 'वाढव' म्हणून सांगितलं होतं, हे त्याने काढलं नाही. मी काढावं अशी अपेक्षा त्याच्या आईच्या नजरेत होती. मी अळूची चौकशी केली.

माई म्हणाल्या, "पावसला गेला होतात ना? स्वामी तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत होते, तुरुंगात गेले, नंतर मोठ्या आजारातून उठले. मग देसाईंच्या घरी, 'अनंत निवास'मध्ये राहिले, ते 1974 साली देह ठेवेपर्यंत. चाळीसेक वर्षं. तिथे बसून 'अभंग ज्ञानेश्वरी' लिहिली. आपल्याला काय झालंय हे सांगत हिंडले का कुठे?"

दुसऱ्याच्या घरात चाळीस वर्षं राहून कुणाला जड न होणं, ही सिद्धी योगशास्त्रात कुठे नोंदवलेली नाही. मी सासुरवाडीला चार दिवस राहिलो की आमटीवर आक्षेप काढतो.

"तुम्हाला मी एकच साधना सांगते," माई म्हणाल्या. "नोंदवही बंद. घरात तूरडाळ कमी झाली तर दुकानातून आणायची, खुलासा मागायचा नाही. आणि आपल्या परमार्थाबद्दल कुणाशीही, काहीही बोलायचं नाही. बरं चाललंय असंही नाही आणि वाईट चाललंय असंही नाही."

"वाईट चाललंय असं सांगायला काय हरकत आहे? त्यात तर नम्रता..."

"तेच सगळ्यात आधी बंद," माई म्हणाल्या.

ही साधना मी मनापासून करतो आहे. तूरडाळ आणतो. शेजाऱ्यांशी बोलतो, गडग्यावरून. सौ.चं म्हणणं, फरक पडलाय. किती, ते ती सांगत नाही, आणि मी रकाना आखायचा नाही असं ठरलंय. न बोलण्याची अट फक्त थोडी जड गेली. शेवटी मी विचार केला, की माई 'बोलायचं नाही' म्हणाल्या. लिहिण्याबाबत स्पष्ट आदेश नाहीत. आणि जिथे स्पष्ट आदेश नाहीत, तिथे अधिकाऱ्याने स्वविवेक वापरावा, असा नियमच आहे. म्हणून हा लेख.

लेखासोबत फोटो पाठवा, असं संपादकांनी म्हटलेलं नाही. दोन पाठवले आहेत. त्यातला डोळे मिटलेला वापरावा.